बॅटरी उतरू नये म्हणून

शोभा टिपणीसला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकावीशीही कधी वाटली नव्हती. तरी त्या लॉकडाऊनच्या वर्षी रोज दुपारी मागचं आवरून झालं की ती गाडीची किल्ली घ्यायची, चहाचा थर्मास घ्यायची, तोंडाला ओढणी गुंडाळायची आणि तीन जिने उतरून बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसायची.

त्याचं झालं असं. खांदा कॉलनीतल्या त्या घरात शोभाने आणि कुमारने कितीतरी वर्षं सुखाने संसार केला होता. त्या सुखाचं मुख्य कारण म्हणजे कुमार दिवसभर घरी नसायचा, हे मात्र तिला आता कळत होतं. तो फोर्टातल्या एका विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम बघायचा. सकाळी डबा घेऊन जायचा आणि दिवेलागणीनंतर इतका दमून यायचा की ताटात पडेल ते गोड मानायचा. निनाद, म्हणजे मुलगा, महाप्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता. मुलगी अनुष्का लग्न होऊन उलव्याला गेली होती. म्हणजे दुपारचं घर सगळं शोभाचं. पंखा तिचा, रिमोट तिचा, हॉलमधला दिवाण तिचा. दिवाणावर आडवं होऊन ती मालिका बघायची, मधेच डोळा लागायचा, उठून एकटीपुरता आल्याचा चहा टाकायची. यात काही विशेष सुख आहे असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

मार्च संपता संपता हे सगळं गेलं. कुमारने जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं. निनाद बेडरूमचं दार लावून आत इंग्रजीत भांडू लागला. टीव्ही बंद झाला. मिक्सर लावायचा तर आधी दोन्ही ऑफिसांना विचारायचं. कुकरच्या शिट्ट्यांवर कुमारचा डोळा, कारण एकदा त्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांच्या समोर विचारलं होतं, "टिपणीसजी, आपके यहाँ ट्रेन आयी है क्या?"

त्यात कुमारची खुर्ची अशी होती की त्याच्या मागे स्वयंपाकघर दिसायचं. म्हणून मीटिंग चालू असली की शोभाने फ्रीजपर्यंत वाकून जायचं. एकदा ती अशीच ओणवी होऊन गेली आणि कोथिंबिरीची जुडी घेतलेला तिचा नुसता हात पडद्यावर वर आला. साहेबांनी विचारलं, "पीछे कौन है?" कुमार दचकून म्हणाला, "कोई नहीं, सर."

ते "कोई नहीं" शोभाच्या जिव्हारी लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे मीटिंग नसली की कुमारला वेळ असायचा. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांमधल्या चुका काढलेला माणूस; आता गाड्या नव्हत्या, समोर शोभा होती. "पोह्यांना तेल जास्त पडतंय, मी रोज बघतोय." "अगं, आधी सगळ्या पोळ्या लाटून घेतल्यास आणि मग भाजल्यास तर गॅस वाचेल." "हळद डाव्या हाताला का ठेवतेस? तू उजव्या हाताने घालतेस ना?" एके सकाळी मिसळणाचा डबा उघडला तर सगळ्या वाट्यांच्या जागा बदललेल्या. भाजीत मोहरीऐवजी मेथ्या पडल्या आणि दोघांनीही ती कडू भाजी एकमेकांकडे न बघता संपवली.

अशात एकदा जेवताना कुमार म्हणाला, "गाडी अशी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरेल. रोज थोडा वेळ चालू करून ठेवायला हवी."

बोलला खरा, पण तो स्वतः खाली जाणार नाही हे ताटातल्या लोणच्यालाही माहीत होतं. कुमारने रोगाचा धसकाच घेतला होता. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचा, कांदे बाल्कनीत वाळत ठेवायचा, पेपर तर त्याने कधीच बंद केला होता. लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, वॉचमनचा श्वास, या सगळ्यांवर त्याचा सारखाच संशय होता.

"निनाद जाईल," तो म्हणाला.

"मला कॉल आहे," निनाद म्हणाला.

"मी जाते," शोभा म्हणाली. आपल्या तोंडून हे कसं निघालं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

कुमारने हॉलमध्येच तिला प्रशिक्षण दिलं. खुर्चीवर बसवलं, हातात स्टीलचं ताट दिलं, पायाशी दोन स्लिपरा ठेवल्या. डावी स्लिपर क्लच, उजवी ब्रेक. "क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रल आहे ना बघायचं, किल्ली फिरवायची. गाडी हलवायची नाही. नुसती चालू." शोभाने ताट धरून मान हलवली.

पहिल्या दुपारी ती खाली गेली, गाडीत बसली, दार लावलं आणि किल्लीला हात घातल्याबरोबर थबकली. गाडीने उडी मारली तर? समोर खांब होता. क्लेमवाल्याच्या गाडीने उभ्या उभ्या खांबाला धडक दिली, तर जन्मभर ऐकायला लागलं असतं. तिने हात मागे घेतला. घटकाभर बसू आणि वर जाऊन सांगू चालू केली म्हणून, असं ठरवून ती मागे टेकली.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की कुणी बोलत नाहीये.

पार्किंगमध्ये गारवा होता. पलीकडच्या भिंतीवर एक मांजर पाय ताणून झोपलं होतं. कुणी "अगं" म्हणत नव्हतं. कुणी "आई, चार्जर" म्हणत नव्हतं. तिने खुर्ची मागे सरकवायची कळ शोधून काढली, चपला काढल्या आणि पाय लांब केले. ती वर गेली तेव्हा कुमारने विचारलं, "झाली चालू?"

"झाली."

"आवाज नाही आला."

"हल्लीच्या गाड्यांना आवाज कुठे असतो?" शोभा म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दुपारी तिने थर्मास बरोबर घेतला. काही दिवसांनी उशी नेली. मग एकदा चुकून किल्ली अर्धवट फिरली आणि समोरच्या डब्यातून जुनी गाणी वाजू लागली. गाडी चालू न करताही रेडिओ लागतो, हा शोध तिने स्वतःचा स्वतः लावला आणि त्याचा तिला फार अभिमान वाटला. पुढे असाच शोध लागला की तिथे मोबाइलही चार्ज होतो. मग मालिकेचे जुने भाग मोबाइलवर बघायची सोय झाली.

शेजारच्या जागेत अब्दुल्लाभाईंची व्हॅन उभी असायची. पनवेलच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं; दुकान बंद, त्यामुळे व्हॅनही बंद. एका दुपारी शोभाने सहज मान वळवली तर व्हॅनच्या मधल्या सीटवर सफूराभाभी डोळे मिटून बसलेल्या. अब्दुल्लाभाईंच्या बायको, चौथा मजला. येताजाता हसण्यापलीकडे दोघींची फारशी ओळख नव्हती.

शोभाने काच खाली केली. "काय हो, बरं आहे ना?"

सफूराभाभींनी एक डोळा उघडला. त्यांनीही काच सरकवली. "बरं नाही तर काय! वर आम्ही सात माणसं आहोत, शोभाताई. नवरा, मुलगा शाहीद, सून, नातवंडं, आणि त्यात माझी नणंद चार दिवसांसाठी आलेली, ती अडकलीय. सगळ्यांना माझ्याशीच बोलायचंय. मी सांगितलं, खाली व्हॅनमध्ये तांब्याची पातेली राहिलीयत, मोजून येते."

"आहेत का पातेली?"

"कसली पातेली! रोज मोजते."

दोघी इतक्या हसल्या की भिंतीवरचं मांजर उठून गेलं.

तेव्हापासून रोजचं ठरूनच गेलं. शोभा आपल्या गाडीत, सफूराभाभी त्यांच्या व्हॅनमध्ये, मधे हवं तेवढं अंतर, काचा खाली. कधी बोलायच्या, कधी नुसत्या बसायच्या. "रेडिओ जरा मोठा करा," सफूराभाभी म्हणायच्या, "माझ्या व्हॅनचं दार उघडंच असतं, पण किल्ली यांच्या खिशात असते." रमजान लागला तेव्हा शोभाने थर्मास आणायचा बंद केला. सफूराभाभींनी कारण ओळखलं आणि म्हणाल्या, "प्या हो तुम्ही. तुमच्या चहाने माझा रोजा नाही मोडायचा. फक्त आलं जरा कमी घाला, वास थेट इकडे येतो." ईदेला त्यांनी खिडकीतून खिडकीत शीरखुर्म्याचा डबा दिला. वर गेल्यावर कुमारने तो डबा बाहेरून साबणाने धुतला, शीरखुर्मा दोनदा उकळला आणि मग एकट्याने जवळजवळ सगळा संपवला.

सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकर वैद्य यांना हे पटलं नाही. गणपतीत वापरायचा माइक त्यांनी त्या वर्षी बाहेर काढला होता आणि ते तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीतून घोषणा करायचे. "पार्किंग हे वाहनांसाठी आहे. माणसांनी तिथे जमाव करू नये."

"कमलाकरभाऊ," सफूराभाभी व्हॅनमधून ओरडल्या, "मी माझ्या गाडीत, ह्या ह्यांच्या गाडीत. यात जमाव कुठला?"

माइक थोडा वेळ खरखरला. मग त्यातून आवाज आला, "रेडिओवर बातम्या लागल्या तर मला सांगा. आमच्याकडे मुलं कार्टून सोडत नाहीत."

असं सगळं छान चाललं होतं. मग एका दुपारी शोभा चष्मा वर विसरली. चष्म्याशिवाय मोबाइलवर मालिकेतली माणसं सगळी सारखीच दिसतात, म्हणून ती परत तीन जिने चढली. दार आपल्या किल्लीने हळूच उघडलं, न जाणो मीटिंग चालू असेल तर, आणि दारातच थबकली.

हॉलमधून हसण्याचा आवाज येत होता. खिदळण्याचाच. शाळेतली मुलं मागच्या बाकावर हसतात तसा. तिने वाकून बघितलं. लॅपटॉप मिटलेला होता. तिचा नवरा अर्ध्या चड्डीवर तिच्या दिवाणावर आडवा पसरला होता. पोटावर चिवड्याचा आख्खा डबा, त्यात कच्चा कांदा चिरून घातलेला. फोन कानाला.

"बाळ्या, लेका, तू अजून तसाच गाढव आहेस!" कुमार म्हणत होता. बाळू म्हणजे त्याचा पेणचा शाळेतला मित्र. लग्नानंतर ती त्याला एकदाच भेटली असेल. "नाही रे, आता निवांत आहे. बायको खाली गेलीये गाडी चालू करायला. ती गेली की तासभर आपलं राज्य! सोन्यासारखा तास असतो बघ. कुणी काही बोलत नाही!"

शोभा चष्मा न घेताच खाली आली. गाडीचं दार तिने इतक्या जोरात लावलं की सफूराभाभी दचकल्या.

"काय झालं?"

"माझ्याशिवाय हा माणूस सुखात आहे," शोभा म्हणाली. "मी म्हणते माझ्यापाठीमागे बिचारा काम करत असेल. हा चिवडा खातोय! आणि हसतोय! सफूराभाभी, मी हे हसणं किती वर्षांत ऐकलेलं नाही. माझ्याशी बोलतो ते काय, तर हळद संपत आलीये."

सफूराभाभींनी तोंडावर पदर धरला. त्या रडतायत की काय असं शोभाला क्षणभर वाटलं. पण त्या हसत होत्या.

"हसताय काय?"

"शोभाताई, तुम्ही इथे कशाला येता?"

"बॅटरी उतरू नये म्हणून."

"आणि मी पातेली मोजायला," सफूराभाभी म्हणाल्या आणि त्यांनी काच वर केली, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

शोभाने सूड घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ती तासाऐवजी दीड तास खाली बसू लागली. मग दोन तास. बघू या, शोधत येतो का. कुमार आला नाही. उलट एका संध्याकाळी म्हणाला, "गाडीची तू फार मनापासून काळजी घेतेस हं," आणि हे म्हणताना तो इतका टवटवीत दिसत होता की तिला तिथेच लाटणं आपटावंसं वाटलं.

जूनमध्ये जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायला मोकळीक मिळाली. अनुष्काचा वाढदिवस तोंडावर होता. होळीनंतर ती माहेरी आलेली नव्हती. उलव्यात सगळीकडे अर्धवट इमारती, कामगार गावी निघून गेलेले, आणि ती आणि तिचा नवरा अकराव्या मजल्यावर. फोनवर एरवी खिदळणारी मुलगी त्या दिवशी म्हणाली, "बाबा, खिडकीतून बघितलं तर एक क्रेनसुद्धा हलत नाही हो," आणि तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

कुमारने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "आपण जायचं."

शोभाने पहाटेपासून वाल सोलून बिरडं केलं, ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. कुमारने स्वतःची तयारी केली. मास्क, त्यावर दुसरा मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, हातमोजे आणि अंगात पावसाळ्याचा रेनकोट, जरी आभाळात नुसते ढग होते तरी. मार्चनंतर पहिल्यांदाच तो जिना उतरत होता. कठड्याला हात न लावता तो भिंत आणि कठडा यांच्या बरोबर मधून चालला, दोरीवरून चालल्यासारखा.

दोघं गाडीत बसली. डबे शोभाच्या मांडीवर. कुमारने काचा घट्ट बंद केल्या, हात जोडले आणि किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्. तिसऱ्यांदा टक् सुद्धा झालं नाही.

कुमारने सावकाश मान वळवली. ढालीतून त्याचे डोळे मोठे दिसत होते. त्याचा आवाज एकदम ऑफिसातला झाला, क्लेम मागायला आलेल्या माणसाशी बोलायचा.

"तू गाडी रोज चालू करत होतीस?"

"रोज येत होते."

"येऊन चालू करत होतीस?"

"रेडिओ चालू करत होते."

"आणि इंजिन?"

शोभा करंज्यांच्या डब्याकडे बघत राहिली. "समोर खांब आहे ना," ती म्हणाली.

"म्हणजे एवढे दिवस तू रोज दोन-दोन तास रेडिओ लावून," कुमारचा श्वास ढालीवर साचायला लागला होता, "बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली बॅटरी खाल्लीस?"

"मोबाइल पण चार्ज केला," शोभा म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"पण दोन तास इथे करत काय होतीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही! तेच करायला येत होते. घरात ते करायला जागा कुठे आहे? हॉलमध्ये तुमचं ऑफिस, आत निनादचं, स्वयंपाकघरात मी, ती पण वाकून. मला कुणी हळदीच्या वाटीबद्दल बोलू नये, एवढंच हवं होतं."

कुमारने किल्लीवरचा हात काढला. "म्हणजे माझ्यापासून पळून येत होतीस?" तो म्हणाला, आणि हे मात्र ऑफिसच्या आवाजात नव्हतं.

शोभाला क्षणभर वाईट वाटलं. मग तिला चिवडा आठवला.

"सोन्यासारखा तास असतो ना?" ती म्हणाली. "बायको गेली की आपलं राज्य! आख्खा डबा चिवडा! कांदा घालून! माझ्या दिवाणावर!"

कुमारच्या ढालीवर आता पूर्ण वाफ धरली होती. आत माणूस आहे की नाही हेही कळत नव्हतं. शोभा वाट बघत होती. काही वेळाने तो रेनकोट हलायला लागला. तिला वाटलं याला काही होतंय. तिने घाबरून ढाल वर केली, मास्क खाली ओढले, तर कुमार खिदळत होता. तसाच, त्या दुपारसारखा, पण आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तू ऐकलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

"सगळं."

"बाळ्याला सांगायला पाहिजे," तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला. आणि मग शोभालाही आवरेना. बंद काचांच्या आत, मेलेल्या गाडीत, मांडीवर बिरडं घेऊन दोघं हसत होती.

काचेवर टकटक झाली. अब्दुल्लाभाई उभे होते. मागे सफूराभाभी. "साहेब, बॅटरी बसली ना? माझ्या व्हॅनचीही बसलीय, नाहीतर वायरने जोडून दिली असती. ढकलून चालू करू. सेकंड गिअर टाका, मी सांगितलं की क्लच सोडा."

निनादला फोन करून खाली बोलावलं. तो आला आणि आईबाबांचे लाल डोळे बघून म्हणाला, "कळलं का एकमेकांचं?"

"तुला माहीत होतं?" दोघंही एकदम म्हणाली.

"माझ्या खिडकीतून पार्किंगची वाट दिसते आणि दारातून हॉल ऐकू येतो. मी काय कोर्ट आहे? तेवढाच वेळ घर शांत असायचं."

तीन-चार माणसांनी एका लहान गाडीचं बूड धरलं की अंतर राखणं अशक्य असतं. कमलाकर वैद्यांनी खिडकीतून माइकवर सूचना दिली, "सहा फूट! सहा फूट!" पण गाडीच मुळात तेवढी रुंद नव्हती. शेवटी ते माइक टाकून स्वतःच धावत आले आणि सगळ्यांत मधे घुसून ढकलायला लागले. शोभाने डबे सफूराभाभींकडे दिले आणि खांदा लावला. गाडी पार्किंगमधून निघाली, उतारावर आली. "सोडा!" अब्दुल्लाभाई ओरडले. गाडीने एक आचका दिला, खोकली आणि गुरगुरायला लागली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी तशीच फाटकाबाहेर गेली आणि डावीकडे वळून दिसेनाशी झाली.

"अहो!" शोभा म्हणाली.

कुमारने मार्चपासून गाडी चालवली नव्हती. आपण थांबलो की इंजिन बंद पडणार, या एका भीतीने त्याला असं घेरलं होतं की आपण बायकोला नेत होतो हेही तो विसरला. थोड्या वेळाने तो कॉलनीला वळसा घालून परत आला. फाटकाशी हळू झाला, पण थांबेना.

"न्यूट्रल करा! न्यूट्रल!" अब्दुल्लाभाई हात हलवून ओरडत होते. काचा बंद, ढाल खाली. कुमारला वाटलं सगळे निरोप देतायत. त्यानेही हात हलवला आणि पुढे गेला.

दुसऱ्या फेरीला निनादने धावत जाऊन काच ठोकली आणि मागच्या दारातून डबे आत सरकवले. डबे गेले, शोभा राहिली. तिसऱ्या फेरीला तिने साडीचा काठ कमरेला खोचला. एका बाजूने सफूराभाभी, दुसऱ्या बाजूने निनाद. दार उघडलं, दोघांनी तिला आत ढकललं, आणि शोभा टिपणीस, वय चोपन्न, गुडघेदुखी, चालत्या गाडीत करंज्यांच्या डब्यावर जाऊन बसली. मागून माइकवर आवाज आला, "शाब्बास, टिपणीसवहिनी!"

उलव्यापर्यंत कुमारने गाडी कुठे थांबवली नाही. रस्ता मोकळाच होता. होऊ घातलेल्या विमानतळाच्या जागेवर डंपर ओळीने उभे होते, त्यांच्या टपांवर बगळे. शोभाने न विचारता आपल्या बाजूची काच खाली केली आणि कुमारने काही म्हटलं नाही. खारट वारा आत आला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच ढाल काढून मागे टाकली.

"हळदीचं मी जरा जास्तच करतो का?" त्याने समोर बघतच विचारलं.

"जरा?" शोभा म्हणाली.

अनुष्का बिल्डिंगच्या खालीच उभी होती. मिठी मारायची नाही असं कुमारने घरून निघताना बजावलं होतं. अनुष्का दोन पावलं पुढे आली, थांबली. कुमारने हातमोजे काढले, ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, शेवटी तिथेच जमिनीवर टाकले आणि आधी त्यानेच तिला जवळ घेतलं. करंज्या सगळ्या चपट्या झाल्या होत्या. कुणीच तक्रार केली नाही. जावयाने गाडीत नवी बॅटरी घालून दिली आणि ती कशी मेली हे विचारलं नाही. अनुष्काने त्याला आधीच गप्प केलं असावं, कारण निनादचा फोन येऊन गेला होता.

त्यानंतर शोभाने इंजिन चालू करायला शिकून घेतलं. खांब जिथल्या तिथे राहिला. कुमारने लॅपटॉप भिंतीकडे वळवला, मिसळणाच्या डब्याला हात लावणं सोडलं, आणि बाळूशी बोलायचं झालं की सरळ सांगायला लागला, "तू आज जाणार आहेस ना खाली? जरा लवकर जा."

जूनच्या शेवटी एका दुपारी शोभा खाली बसलेली असताना काचेवर बोट वाजलं. कुमार उभा होता. एकच मास्क.

"आत येऊ का?" त्याने विचारलं. "मला बघायचंय तू काय करतेस ते."

"बोलायचं नाही," शोभा म्हणाली.

"नाही बोलत."

तो बसला. दोनदा बोलायला तोंड उघडलं, तिने बोट ओठांवर ठेवलं, त्याने मिटलं. मग त्यानेही खुर्ची मागे केली. पलीकडून सफूराभाभींनी त्याला वाकून बघितलं आणि शोभाकडे बघून भुवया उडवल्या. थोड्या वेळाने कुमारची मान कलली आणि तो शांत झोपून गेला.

शोभा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. तिने हळूच दार उघडलं, चपला हातात घेतल्या आणि तीन जिने चढून वर आली.

निनाद आतून दार लावून बोलत होता. हॉल रिकामा होता. टेबलावर लॅपटॉप नव्हता, खुर्ची आत सरकवलेली होती, खिडकीतून दिवाणावर ऊन पडलं होतं. तिने पंखा लावला, पडदा ओढला आणि कितीतरी महिन्यांनी आपल्या स्वतःच्या दिवाणावर लांब झाली.

फोन वाजला. सफूराभाभी होत्या, कुजबुजत होत्या. "शोभाताई, कुठे गेलात? साहेब घोरतायत. उठवू का?"

"मुळीच नको," शोभा म्हणाली आणि कुशीवर वळली.